अँड्रॉइड बॉक्सवर कोणते व्हिडिओ-ऑडिओ फॉरमॅट चालतात हे घरी कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की खोक्यावर '४के, सर्व फॉरमॅट' छापलंय, पण पेनड्राइव्हवरून बहिणीच्या लग्नाचं शूटिंग लावलं तर चित्र दिसतं आणि आवाजच येत नाही. मग बॉक्स परत करावा का?

लगेच नको. आधी फाइलच्या पोटात काय आहे ते बघा. आमच्या सांगलीत हळदीच्या सौद्याला पोत्यावरचं लिखाण कुणी वाचत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात. फाइलच्या नावाशेवटी दिसणारं एमकेव्ही, एमपी४ ही नुसती पोती. आतला व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, एच.२६४ की एचईव्हीसी, आणि आवाज एएसी आहे, एसी३ आहे की डीटीएस, हे वेगळंच असतं. कॉम्प्युटरवर 'मीडियाइन्फो' टाका, फुकट आहे. फाइल त्यात उघडली की सगळं समोर येतं.

चित्र आहे, आवाज नाही, म्हणजे मला पहिला संशय एसी३ किंवा डीटीएसचा येतो. बऱ्याच स्वस्त बॉक्समध्ये त्यांचे डीकोडर, म्हणजे दाबलेला आवाज उलगडणारे भाग, दिलेलेच नसतात. बॉक्सवरच व्हीएलसी हा फुकट प्लेयर टाकून तीच फाइल त्यात लावा, ते स्वतःचे डीकोडर वापरतं. तिथे आवाज आला तर दोष बॉक्ससोबत आलेल्या प्लेयरचा. तिथेही नाही आला तर सेटिंगमध्ये ऑडिओ 'पासथ्रू'वर आहे का बघा. तसं असेल तर बॉक्स आवाज न उलगडता टीव्हीकडे ढकलतो, आणि टीव्हीला डीटीएस कळत नसेल तर शांतता. तिथे पीसीएम करून पाहा, म्हणजे बॉक्स आवाज स्वतः उलगडून साधा करून पाठवतो.

आता पूर्ण तपासणी. नेटवरच्या चकचकीत ४के क्लिपा चालल्या म्हणून समाधान मानू नका, आपण घरात जे बघणार तेच लावायचं. आमच्या वडिलांकडे नाट्यसंगीताच्या मैफलींच्या डीव्हीडी आहेत: एमपीईजी-२ (डीव्हीडीची जुनी व्हिडिओ पद्धत), ७२०×५७६, इंटरलेस्ड, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळी आळीपाळीने येतात. माझ्या आधीच्या बॉक्सवर ४के सुरळीत चालायचं, पण या डीव्हीडीत तबलजीचा हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटायच्या. डीइंटरलेसिंग, म्हणजे त्या ओळी जुळवून सलग चित्र करणं, नीट नव्हतं. वडिलांना ते बघवेना, बॉक्स बदलला. आपल्याकडचं जुनं शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं असतं आणि बॉक्स बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवायला, लावलेला असतो. त्यामुळे कॅमेरा हळू फिरला की चित्र हलके झटके खातं. ५० हर्ट्झ करा, फरक डोळ्यांना दिसेल. कोडी या प्लेयर ॲपमध्ये हे आपोआप बदलायची सोय आहे.

प्रत्येक प्रकारचा एक-दोन मिनिटांचा तुकडा काढून ठेवा: मोबाईलवरचा ४के एचईव्हीसी, साधा एच.२६४, डीव्हीडीचा एक, ५.१ (सहा स्पीकरच्या) आवाजाचा एक. तुकडा पुन्हा एन्कोड करून, म्हणजे नव्याने दाबून, काढू नका, नाहीतर तपासायची गोष्टच बदलते. कॉम्प्युटरवरचं एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर मूळ डेटा न बदलता कापतं. ओठ आणि आवाज जुळतात का यासाठी घरातल्या कुणाचं तरी टाळी वाजवतानाचं शूटिंग मोबाईलवर करा आणि तेच लावा. एक मोठी फाइल मात्र तासभर सलग चालवा. एप्रिलच्या उन्हात बॉक्स तापला की चिप मंदावते, आणि पाच मिनिटांच्या तपासणीत ते कधीच कळत नाही.

लग्नाच्या शूटिंगबद्दल आणखी एक. कॅमेऱ्यातून थेट आलेलं मटेरियल कधी कधी १०-बिट ४:२:२ असतं, म्हणजे त्यात रंगांची माहिती नेहमीच्या ८-बिट ४:२:० पेक्षा जास्त असते. एच.२६४ मध्ये तसं असेल तर बहुतेक बॉक्सच्या चिपला ते झेपत नाही, चित्र अडकतं. फोटोग्राफरकडे ८-बिट ४:२:० एच.२६४ आणि एएसी आवाजाची प्रत मागा, ती जवळपास सगळीकडे चालते. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर कॉपीच होणार नाही.

आज व्हीएलसीमध्ये लावून बघा आणि मीडियाइन्फोत 'ऑडिओ'खाली जे दिसेल ते जसंच्या तसं इथे लिहा. बॉक्स परत करायचा की नाही ते त्यावरून सांगतो.