परसातल्या कोंबड्यांनी घरखर्च वाचतो का? आधी घरातलं खरकटं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घणसोली गावठाणात बैठं घर, मागे १० बाय १२ची मोकळी जागा, धाकट्या मुलीसाठी १५ रुपयांना एक या भावाने गावठी अंडी आणता. १० कोंबड्या पाळल्या तर हा खर्च वाचेल का, आणि खाद्यावर कमीत कमी पैसे कसे जातील?

मी ठाण्याला कोलशेत गावात राहते. आमच्या परसात ९ वर्षं कोंबड्या आहेत, आज ६ आहेत. पहिल्या दिवसापासून वहीत जमाखर्च लिहिते, त्यामुळे आकड्यांत सांगते.

सगळं खाद्य पोत्यातलं आणलंत तर काही वाचत नाही. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. १० कोंबड्यांना महिन्याला ३३ किलो लागतं. लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, मला सुटं ४० रुपये किलो पडतं, म्हणजे झाले १,३२० रुपये. ग्रामप्रियासारखी सुधारित जात परसात वर्षाला १६० अंडी देते असं धरा. मग १० जणींची महिन्याला १३३ अंडी झाली. नुसत्या खाद्यातच एक अंडं १० रुपयांना पडलं, आणि खुराडं, लस, मेलेली पिल्लं हे अजून धरलेलंच नाही. दुकानातलं पांढरं अंडं याहून स्वस्त मिळतं. अस्सल गावठी कोंबडी तर वर्षाला ६०-७० अंडी देते. तिला पोत्यातलं खाद्य घालत बसलात तर बाजारातलं गावठी अंडं परवडलं म्हणाल.

म्हणून कोंबड्या किती पाळायच्या हे घरात अंडी किती लागतात यावरून ठरवू नका. तुमच्या घरातून, गल्लीतून, बाजारातून फुकटात काय आणि किती मिळतं यावरून ठरवा. माझ्या ६ जणींना महिन्याला २० किलो खाद्य लागलं असतं. मी १० किलो विकत आणते, बाकीचं असंच जमतं. ४०० रुपयांत ८० अंडी, म्हणजे अंडं ५ रुपयांना. पांढऱ्या अंड्याशी ताडून बघितलं तर वाचतात फक्त १६०-२०० रुपये. तुम्ही १५ रुपयेवालं घेता, तर ८० अंड्यांमागे ८०० रुपये वाचतील. बचत कुणाशी तुलना करून मोजतोय हे आधी पक्कं करा.

आता हे फुकटचं काय असतं ते सांगते, कारण खरी बचत तिथेच आहे.

पहिलं धान्य. तुमच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी बोला. जात्याच्या आजूबाजूला उडालेलं, सांडलेलं पीठ तो रोज झाडून काढतो. आमचा गिरणीवाला ते डब्यात भरून ठेवतो, मी त्याला महिन्याला ४ अंडी देते. किराणा दुकानात तांदूळ चाळल्यावर उरलेली कणी असते. माझी बहीण मुरबाडला दिली आहे, भात भरडला की तिकडून कणी आणि कोंडा येतो. कोंड्यात तेल असतं, तो तीन-चार आठवड्यांत खवट होतो, म्हणून एकदम मोठं पोतं भरून ठेवू नका. आणि पावसाळ्यात बुरशी धरलेलं कुठलंही धान्य, शेंगदाण्याची पेंड, शिळी भाकरी फेकून द्या. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतात जातं. ४० रुपयांची पेंड वाचवायला जाल आणि ५०० रुपयांची तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी, गमवाल.

दुसरं पाला. ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत संध्याकाळी फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं ढिगाने पडलेली असतात. तुमच्या बाजारातही असतील. पण पाल्यात ९० टक्के पाणी. एक किलो पाला म्हणजे एक किलो खाद्य नव्हे, शंभर ग्रॅमच धरा. पाल्याने बलक छान केशरी होतो, पोट मात्र दाण्यानेच भरतं. परसात शेवगा असेल तर त्याची पानं सगळ्यांत उत्तम, वाळवून चुरा करून ठेवता येतात.

तिसरं, आणि आपल्या खाडीकाठच्या लोकांना हेच सगळ्यांत सोपं आहे: मासळी. नुसती कणी आणि भात घातला तर कोंबडी चरबीने जड होते आणि अंडी कमी होतात. तिला प्रथिनं लागतात, लेअर खाद्यात ती १६ ते १८ टक्के असतात. आम्ही कोळंबीची डोकी-सालं, मासळीचं साफ केल्यावर राहिलेलं उकळून, थंड करून घालतो. कच्चं घालू नका. सुकट-जवळा विकणाऱ्या मावशींच्या टोपलीच्या तळाशी चुरा उरतो, तो त्या स्वस्तात देतात. ६ कोंबड्यांना दिवसाला एक मूठ, त्यापेक्षा जास्त घातलंत तर अंड्याला मासळीचा वास येतो. खारवलेली मासळी अजिबात नको, मीठ कोंबड्यांना सोसत नाही. याच कारणाने लोणचं, पापड, चिवडा त्यांच्या ताटात जाऊ देऊ नका.

एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिने माझं अख्खं वर्ष खाल्लं. पहिल्या वर्षी मी हौसेने पोत्यातलं खाद्य बंदच केलं. घरचं सगळं चांगलंचुंगलं घालत होते, कोंबड्या तुकतुकीत दिसत होत्या. एका सकाळी खुराड्यात हात घातला तर हाताला कोमट, ओली, मऊ पिशवी लागली. कवचच नव्हतं, नुसत्या कातडीत पिवळा बलक हलत होता. मी ते उचलून बाहेर काढेपर्यंत फुटलं आणि दोघीजणी धावत येऊन ते चाटूनपुसून खाऊन गेल्या. त्या दिवसापासून त्यांना अंड्याची चटक लागली. घालायच्या आणि फोडून खायच्या. पुढचे दोन महिने वहीत अंड्यांच्या रकान्यात शून्यच शून्य आहे.

कारण साधं होतं. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळा चुना. तो पोटात गेला नाही तर कोंबडी आधी स्वतःच्या हाडांतला काढते, मग तोही संपतो. माझ्या सासूबाईंनी तोडगा काढला. आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) होतात तेव्हा शिंपल्या फेकायच्या नाहीत. त्या धुऊन उन्हात वाळवायच्या, चुलीच्या निखाऱ्यावर टाकायच्या, म्हणजे ठिसूळ होतात, मग जुन्या पाट्यावर वरवंट्याने ज्वारीच्या दाण्याएवढ्या फोडायच्या. पीठ करायचं नाही. खाद्यात मिसळायचंही नाही, वेगळ्या करवंटीत ठेवायचं. जिला गरज आहे ती संध्याकाळी येऊन बरोबर तेवढंच टिपते. अंड्यांची टरफलंही भाजून, चुरून घालता येतात, फक्त ती अंड्यासारखी दिसता कामा नयेत. आज आमच्या अंड्याला टिचकी मारली तर टणटण वाजतं.

तेव्हापासून निम्मं लेअर खाद्य मी कधीच सोडलं नाही. सकाळी तेच, दुपारी घरचं, संध्याकाळी मूठभर कणी.

दुसरा मोठा खर्च कुणी हिशेबात धरत नाही, तो म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. एका वर्षी दिवाळीनंतर आमच्या ११ कोंबड्या चार दिवसांत गेल्या. हिरवी विष्ठा, लुळे पंख, मान मागे वळलेली. औषध नाही, असते ती फक्त लस, आणि ती आधीच द्यावी लागते. लासोटा लसीचा एक थेंब पिल्लाच्या डोळ्यात पाचव्या ते सातव्या दिवशी, चौथ्या-पाचव्या आठवड्यात परत, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन. अंड्यावर आलेल्या कोंबडीला कुठली आणि कशी द्यायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच ठरवा. लस महाग नसते. अडचण अशी की कुपी १०० किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. माझ्या ६ कोंबड्यांसाठी ९४ थेंब वाया. म्हणून आमच्या आळीतली पाच घरं एकाच रविवारी लस देतात. कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची, एकाने धरायचं, दुसऱ्याने थेंब टाकायचा. पैसे वाटून घेतले की घरटी चहाएवढा खर्च येतो. घणसोली गावात कोंबड्या पाळणारी चार घरं तुम्हाला नक्की सापडतील, आधी त्यांच्याकडे जा.

बर्ड फ्लूचंही सांगून ठेवते. २०२१च्या जानेवारीत ठाण्यात मेलेल्या बगळ्यांमध्ये तो सापडला होता, आणि २०२२च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोळीत. तुमच्या बाजूला खाडी आहे, बगळे येणारच. पाण्याचं भांडं आणि खाद्य छपराखाली ठेवा, म्हणजे वरून पक्ष्यांची शीट पडत नाही. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर पुरून गप्प बसू नका, दवाखान्यात कळवा.

खुराड्यावर पैसे घालू नका. आमचं जुन्या दारांचं आणि पत्र्याचं आहे. एका कोंबडीला आत दीड-दोन चौरस फूट जागा पुरते, रात्री बसायला बांबूची दांडी. एकाच गोष्टीत कंजुषी नको: भोवतीची जाळी अर्ध्या इंचाची घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस आणि घूस खालून येतात. खुराड्याचा तळ बाहेरच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा, आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे. खाली भाताचं तूस पसरा आणि ते कोरडं ठेवा. ओल्या तुसात रक्ती हगवण होते. ते तूस काढलं की दोन-तीन महिने कुजवून अळूला, मिरचीला घाला, ताजं घातलंत तर झाड जळतं.

हिवाळ्यात अंडी कमी झाली की लोक महागडी टॉनिकं आणतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा, कोंबडीला साधारण १४ तास उजेड लागतो. खुराड्यात ९ वॅटचा बल्ब पहाटे ३ तास लावा. महिन्याला एक युनिटही जळत नाही. पिसं झडत असतील तर मात्र दोन महिने तिला विश्रांती द्या.

श्रावणात आमच्या घरी अंडी बंद असतात आणि कोंबड्यांना श्रावण नसतो. त्या महिन्याची अंडी मी शेजारच्या व्यायामशाळेतल्या मुलांना विकते, वर्षभराचं औषधपाणी त्यातून निघतं. तुम्ही श्रावण पाळत असाल तर गिऱ्हाईक आधीच बघून ठेवा.

आणि कोंबडा घेऊ नका. अंड्यांना त्याची गरज नसते, पिल्लं हवी असतील तरच तो लागतो. पहाटे चारला आरवला की गावठाणात भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी पहिली तक्रार त्याचीच करतात.

आता पावसात पिल्लं आणू नका, दिवाळीनंतर तीन-चार महिन्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. तोपर्यंत एक काम करा. पंधरा दिवस घरातली उरलेली भाकरी-भात, गिरणीतलं पीठ, बाजारातला पाला हे सगळं वेगवेगळं तोला आणि लिहून ठेवा. दाणा आणि पीठ जेवढं असेल तेवढं, पाला दहावा हिस्सा धरायचा. आलेल्या बेरजेला दिवसांनी भागा, मग एका कोंबडीमागे ५५ ग्रॅम (११०चं निम्मं, बाकीचं निम्मं विकतचं) धरून त्यात किती कोंबड्या बसतात ते बघा. माझा अंदाज, तुमचा आकडा १० नाही, ४ किंवा ५ येईल. आला की कळवा, त्यावरून दाण्याचं माप मी करून देते.