पाणी आठ दिवसांनी येतं, पिंप कोरडं कसं करू?

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. आमचं गाव पुरंदर तालुक्यात. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. आशाताई म्हणतात, आठवड्यातून एकदा पिंपं, रांजण कोरडे करा. पाणी ओतून दिलं तर प्यायचं काय? शेजारी दोघांना चिकुनगुनिया झालाय. मिस्टर पुण्यात कामाला असतात, शनिवारी येतात. झिकामुळे बाळाचं डोकं लहान राहतं असं ऐकल्यापासून झोप लागत नाही.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आशाताईंचं बरोबर आहे आणि तुमची अडचणही खरी आहे. मी बारा वर्षं दुष्काळी भागातल्या आरोग्य केंद्रात होते. टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना ‘पाणी ओतून द्या’ म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. एकदा एका पोटुशीच्या घरी रांजणात बॅटरी मारली. पाणी नितळ, आणि उजेड पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. ‘डास तर गटारीत होतात ना?’ ती म्हणाली. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका पसरवणारा एडिस डास आपण जपून साठवलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे जवळपास तुमच्या पाण्याच्या पाळीएवढेच.

तेव्हा ओतू नका, गाळा. पाणी यायच्या आदल्या दिवशी उरलेलं पाणी जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या आणि फडकं उन्हात टाका, अळ्या मरतात. मग पिंप आतून काथ्याने खसाखसा घासायचं, पाण्याची रेघ उमटते तिथे जास्त. अंडी तिथे चिकटलेली असतात. वाळली तरी ती कित्येक महिने टिकतात, नुसतं विसळून निघत नाहीत. भरल्यावर तोंडाला फडकं दोरीने घट्ट बांधा. हे घासणं-उचलणं घरातल्या इतरांनी करायचं, तुम्ही नाही. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी पडतानाही मच्छरदाणी लावा.

आता झिका. राज्यातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैमध्ये तुमच्याच तालुक्यात, बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात जे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. लागण झालेल्या प्रत्येकीच्या बाळात दोष येतो असं मात्र नाही, बहुतेक बाळं चांगली जन्मतात. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी तेवढी चुकवू नका. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुष्कळांना त्याची लक्षणंच दिसत नाहीत. म्हणून बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरा किंवा संबंध टाळा. मिस्टरांना हे सांगायला लाजू नका, हवं तर हे पान त्यांच्या हातात द्या.

ताप आला, अंगावर पुरळ उठलं, सांधे धरले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा आणि ‘मी गरोदर आहे’ हे आधी सांगा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अंगदुखीची दुसरी गोळी किंवा सुई मनाने घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच मी सगळ्यात जास्त जपते. त्या वेळी पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त गेलं, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.