मधमाशीच्या मेणातली चित्रं नागपूरच्या उन्हाळ्यात टिकतील का?

मधमाशीच्या मेणात रंग मिसळून, ते तापवून चित्रं काढायची तुमची इच्छा आहे. पण घर नागपुरात, त्यामुळे मे महिन्यात चित्र भिंतीवरून ओघळेल का आणि सुरुवात कशी करावी, असं तुम्ही विचारलंय.

ओघळणार नाही. हे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्यात राळ मिसळली की आणखी कडक होतं. बाहेर पारा ४६ वर गेला तरी घरातली भिंत तेवढी तापत नाही. थेट ऊन येणारी पश्चिमेची भिंत मात्र टाळा. उन्हात उभ्या गाडीत चित्र मुळीच ठेवू नका. मेण मऊ पडतं आणि गुंडाळलेला कागद त्याला चिकटतो.

अशी चित्रं किती टिकतात, ते इजिप्तमध्ये दिसतं. तिथे रोमन अमलात, पहिल्या ते तिसऱ्या शतकात, मृतांचे चेहरे पातळ लाकडी फळ्यांवर रंगवून ममीच्या तोंडावर बसवत. त्यातले कितीतरी मेणरंगात आहेत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८८८ मध्ये फायूमजवळ हवारा इथे असे अनेक चेहरे सापडले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अजून ताजं वाटतं, गालांवर ब्रशचे फटकारे मोजता येतात. वाळवंटातली कोरडी हवा आणि न वाकणारं लाकूड यांचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणून माझा आग्रह असा, की कॅनव्हासवर सुरुवात करू नका. तो हलला की मेणाला तडे जातात. कोरा, जाड प्लाय घ्या. त्यावर अ‍ॅक्रिलिक प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा अस्तराचा लेप, नको, कारण मेणाला मुरायला सच्छिद्र पृष्ठभाग लागतो.

साधारण आठ भाग मेणाला एक भाग डॅमर राळ (डॅमर नावाची झाडाची राळ) पुरते. राळ वितळायला मेणापेक्षा जास्त उष्णता आणि वेळ लागतो, म्हणून ती आधी कुटून घ्या. मिश्रण फडक्यातून गाळा, राळेतली साल-काड्या निघतात. बाजारातल्या मेणबत्त्या बहुतेक पॅराफिनच्या असतात, त्या वितळवून हे काम करू नका. मधपाळाकडून खरं मेण मिळवा. रंगांत गेरू आणि पिवळी माती यांच्यापासून सुरू करा, स्वस्त आहेत आणि मेणात फार सुंदर दिसतात. कोरडी पूड मिसळताना मास्क हवाच. शिसं किंवा कॅडमियम असलेल्या पुडी घरात आणू नका.

मिश्रण इलेक्ट्रिक तव्यावर, पत्र्याच्या डब्यांत ठेवा, उघड्या गॅसवर कधीही नाही. तापमान ९० अंशांच्या आसपास राहू द्या आणि थर्मामीटर वापरा. धूर दिसला तर मेण जळू लागलंय, तो धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट. खिडक्या उघड्या हव्यात. मेणाने पेट घेतला तर पाणी टाकू नका, झाकण ठेवा आणि तवा बंद करा. ब्रश नैसर्गिक केसांचे घ्या, नायलॉनचे उष्णतेने खराब होतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. ब्रशवरचं मेण काही क्षणांत गोठतं, त्यामुळे नवा थर जुन्यावर नुसता बसलेला असतो, जोडलेला नसतो. प्रत्येक थरानंतर हीट गन (गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र) फिरवून पृष्ठभाग ओलसर चमकेपर्यंत तापवा आणि लगेच थांबा. जास्त तापवलंत तर रंग एकमेकांत वाहून जातात, कमी तापवलंत तर काही महिन्यांनी वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. हा अंदाज हाताला येईपर्यंत छोट्या फळ्यांवर फक्त दोन रंगांचे थर द्या, चित्राचा विषय डोक्यात आणू नका.

हा पटकन गोठण्याचा गुण अमेरिकन चित्रकार जास्पर जॉन्स यांनी १९५४-५५ च्या ‘फ्लॅग’ या चित्रात फार छान वापरलाय. प्रत्येक फटकारा वेगळा उभा राहतो आणि खालचे वर्तमानपत्राचे तुकडे मेणातून दिसत राहतात. थर देण्याचा हात बसला की कागद, कापड, दोरा असं काहीही मेणात बुडवून पाहा.

नव्या चित्रावर काही दिवसांनी पांढुरकी झाक येते, विशेषतः थंडीत. घाबरू नका, मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की ती जाते आणि चकाकी परत येते.