कोविड तर साधाच झाला होता, मग हे काय?

बाईंचं वय एक्केचाळीस. तीन दिवस ताप, थोडा खोकला, घरच्या घरीच बऱ्या झाल्या. त्याला पाच महिने उलटले, तरी अंगातला थकवा जात नाही आणि बोलताना शब्द आठवत नाहीत. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी12, सगळं तपासून झालेलं. "लाँग कोविड तर आयसीयूतून आलेल्यांना होतो ना? मग हे माझ्या मनाचेच खेळ का?"

नाही. गफलत गणितात आहे. आयसीयूतल्यांना धोका जास्त, हे खरं. पण तिथवर जाणारे मोजके आणि घरी बरे होणारे कितीतरी पट, म्हणून लाँग कोविडचे बहुतेक रुग्ण सौम्य आजारवालेच निघतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 100 बाधितांमागे सुमारे 6 जणांचा आहे. संसर्गाला 3 महिने होऊनही लक्षणं आहेत, ती किमान 2 महिने टिकलीत आणि दुसरा आजार सापडत नाही, तरच हे नाव द्यायचं.

बायकांना धोका जास्त. लठ्ठपणा, धूम्रपान, जुने आजार आणि पुन्हापुन्हा होणारा संसर्ग तो आणखी वाढवतात. बाईंना दमा होता, आणि हा त्यांचा दुसरा कोविड. लशीने धोका घटतो, संपत नाही.

त्यांना एक वही करायला सांगितली: दर दोन तासांनी काय केलं आणि थकवा 0 ते 10 मध्ये किती. दुसऱ्या आठवड्यात वही बोलली. रविवारी दोन तास कपाट आवरलं, थकवा 4. सोमवारी 5. मंगळवारी 9, अंथरुणातून उठवेना. बाई मंगळवारचं खापर ऑफिसवर फोडत होत्या! श्रमाचा फटका अनेकदा 12 ते 48 तासांनी बसतो, म्हणून कारण हाती लागत नाही. अशा माणसाला "जरा चाल-फिर, बरं वाटेल" हा सल्ला उलट आडवं करतो.

मग कामाचे तुकडे पाडले. 15 मिनिटं काम, तेही बसून, आणि दमायच्या आधीच 20 मिनिटं आडवं पडायचं. बरं वाटणाऱ्या दिवशी राहिलेलं सगळं उरकायचा मोह होतो. घसरण तिथूनच सुरू होते. उभं राहिल्यावर धडधड, चक्कर होत असेल तर पडून असताना आणि मग 10 मिनिटं उभं राहून नाडी मोजावी. मिनिटाला 30 किंवा जास्त ठोक्यांची वाढ टिकली तर डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर वाट बघायचीच नाही, लगेच डॉक्टर गाठायचे.

सहाव्या आठवड्यात कपाटाचे दोन कप्पे तसेच पडून होते. वहीत त्या आठवड्यातल्या मंगळवारपुढे थकवा 4.