मॉरिशसला निघालीस, तर

बाळ,

तुझा कार्यक्रम वाचला. सात रात्री, एकच हॉटेल, मनगटाला पट्टा बांधला की खाणंपिणं सगळं त्यातच. पहिल्या पगारांतून साठवलेले पैसे आहेत, ते कसे उडवायचे ते तू ठरव. पण ‘बाई, काही सुचवा’ असं लिहिलंयस, आणि मला विचारलं की मी थोडक्यात आटपत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे.

आधी तारखा. तू जुलै लिहिलायस. तो तिथला हिवाळा. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे वाऱ्याची, कोरडी हवा. चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, तेवढा टाळलास हे बरं केलंस. पण जमलं तर जुलैऐवजी गणपतीत जा. ‘घरचा गणपती सोडून?’ असं आई म्हणेल. म्हणू दे. तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते आणि गणपतीपुढे झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपल्या रत्नागिरीकडची जाखडी. मुंबई बंदरातून जहाजात बसलेल्या कोकणी माणसांबरोबर गेली आणि राहिली.

इथे एक सांगून ठेवते. तिथल्या मराठी माणसाची परीक्षा घेऊ नकोस. मी घेतली होती. पश्चिमेला कास्कावेल नावाचं गाव आहे, तिथे देवळाबाहेर माझ्याच वयाच्या एका बाईंना विचारलं, ‘तुम्हाला मराठी येतं ना?’ मास्तरकीची खोड, दुसरं काय. त्या नुसत्या हसल्या आणि शेजारणीशी क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत, काहीतरी बोलल्या. मी मनात म्हटलं, गेली भाषा. संध्याकाळी त्याच बाई आरतीला उभ्या राहिल्या आणि हातात कागद न घेता एकामागून एक आरत्या म्हणत गेल्या. चौथ्या आरतीच्या मधल्या कडव्याला मी नुसते ओठ हलवत होते. घरात क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच आणि देवापुढे मराठी, असा त्यांचा सगळा संसार. आपल्यापासून तुटलेली फांदी शोधायला गेलीस तर हिरमुसशील. ती माणसं मॉरिशसची आहेत. तू पाहुणी आहेस.

त्या बेटावर मूळचं कुणीच नव्हतं, हे आधी लक्षात घे. 1638 मध्ये डच वस्ती करायला आले, ऊस त्यांनी आणला, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपत गेला. मग फ्रेंच, मग 1810 पासून इंग्रज. उसात राबायला मादागास्कर आणि मोझांबिककडून गुलाम धरून आणलेले. 1835 मध्ये गुलामी बंद झाली, पण मळेवाल्यांची सोय त्याआधीच लागली होती: 1834 पासून कलकत्ता, मद्रास, मुंबईहून करारावरचे मजूर. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर माणसं उतरली. राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, तिथल्या सोळा दगडी पायऱ्या ही माणसं चढून गेली. पायऱ्या पाहायला दोन मिनिटं लागतात. तू तास काढ, आतलं संग्रहालय नीट बघ. मजुरांची नावं आणि क्रमांक असलेल्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत, आजही लोक आपला पणजोबा शोधायला तिथे जातात.

त्यानंतर बसने कुठेही जा. टॅक्सी नको. बस उसातून जाते, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही तर पिरॅमिडसारखे रचलेले. ज्वालामुखीची जमीन ती; शेत व्हायच्या आधी हे दगड हातांनी वेचले गेले. मार्गदर्शक पुस्तकांत या ढिगांना फारशी जागा मिळत नाही. मला विचारशील तर बेटावरचं सगळ्यात मोठं स्मारक तेच.

नैर्ऋत्येला ल मॉर्नचा डोंगर आहे, 556 मीटर. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारीत लपत. गुलामी संपल्याचं सांगायला आलेली तुकडी आपल्याला पकडायलाच आली असं वाटून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं तिथले लोक सांगतात. त्याच डोंगराच्या पायथ्याला आज महागडी हॉटेलं आहेत. तुझंही त्यातलंच एक आहे ना? मग एका पहाटे वाटाड्या घेऊन वर चढ. सरोवरासारखं हिरवं पाणी आणि त्याला वेढणारी प्रवाळाची पांढरी रेघ वरून जशी दिसते तशी खुर्चीत पडून दिसत नाही.

खाण्याचं. हॉटेलच्या टेबलावर जे मांडतील ते एखाद दिवस ठीक. बाहेर गाडीवर ‘डोल पुरी’ मिळते: हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलेली पातळ पोळी, पण गूळ नाही, मीठ आणि जिरं. दोन-दोनची जोडी, आत वालाची आमटी, टोमॅटोचा रस्सा, मिरची. पुरणपोळीची तिखट बहीण म्हण. ‘गातो पिमां’ म्हणजे सरळ आपला डाळवडा, तो पावात लोणी लावून नाश्त्याला खातात. ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ एवढं म्हणालीस तरी गाडीवाला एक वडा जास्त टाकतो, निदान मला तरी टाकला.

निसर्गासाठी माएबूरसमोरचं इल ओझ एग्रेत बेट निवड. अवघं 26 हेक्टर. मूळचं किनारी रान तिथे टिकलंय, आबनूसची झाडं, गुलाबी कबुतरं, मोकळी फिरणारी महाकाय कासवं. वाटाड्याबरोबरच जाता येतं, ते योग्यच आहे. मॉरिशसचा छोटा ससाणा 1974 मध्ये रानात फक्त चार उरले होते. अंडी उबवून, पिल्लं वाढवून लोकांनी त्याला परत आणलं. तो दिसला तर कळव, मला नाही दिसला. तामारँच्या खाडीत बोटींनी डॉल्फिनांचा पाठलाग करवतात, त्या वाटेला मात्र जाऊ नकोस. झोपेच्या वेळेला त्यांच्याभोवती वीस इंजिनं घोंघावत असतात.

आणि आराम? तो हवाच, मी काही तुला अभ्यासाला पाठवत नाहीये. रविवार मोकळा ठेव आणि फ्लिक आं फ्लाकच्या किनाऱ्यावर जा. सुरूच्या झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन आलेली असतात. दुपार कलली की कुणीतरी शेकोटीवर रावान तापवतं, बकऱ्याच्या कातड्याचा तो डफ ताणून घ्यायला. मग सेगा सुरू होतो. तो गुलामांचा नाच. पाय वाळू सोडत नाहीत, कमरेखालचं अंग तेवढं हलतं. हॉटेलात जेवणानंतर रंगीत झगे घालून दाखवतात तो बघितला नाहीस तरी चालेल. इथे कुणी हात धरून ओढलं तर लाजू नकोस.

पाण्यात उतरताना रबरी बूट घाल, प्रवाळात काटेरी जीव असतात. आणि क्युरपीपला जाणार असशील तर स्वेटर. बेटाच्या मधल्या उंच भागात आहे ते, किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे पाऊस असतो. मी कुडकुडत परत आले होते.

तुझ्या बाई