समोर दिसणारे बायर खरे की देखाव्याचे? तुमचे प्रश्न

ह्या वेळी आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, उसळणाऱ्या शेअरमध्ये मार्केट मेकर (म्हणजे शेअरला खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव देत राहणारा) काय करतोय हे स्क्रीनवर कसं ओळखायचं. सगळ्यांनी बहुतेक एकच व्हिडिओ बघितलेला दिसतोय. म्हणून एकत्रच उत्तरं देतो. कुठला शेअर घ्या, कुठला विका हे मी इथे सांगत नाही, कृपया विचारू नका.

सर, बायर चार लाख दिसतत, सेलर नव्वद हजार, तरी शेअर खालीच कित्याक जाता? (मालवण)

कारण तो चार लाखाचा आकडा म्हणजे दिवसभर लावून ठेवलेल्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज आहे. शेअर 212 ला चाललाय आणि कोणी 195 ला पन्नास हजाराची ऑर्डर टाकून जेवायला गेलाय, तोही त्यात मोजला जातो. त्याचा तुम्हाला आत्ता उपयोग शून्य. स्क्रीनवर खरेदी-विक्रीच्या सगळ्यात जवळच्या भावांच्या वरच्या पाच ओळी असतात, त्या बघा, आणि त्याही दोन मिनिटं नुसत्या बघत बसा. 212.40 ला दहा हजारांची खरेदी दिसते, भाव घसरत 212.55 ला आला की ती ओळ गायब, आणि लगेच 211.90 ला तेवढ्याच आकड्याची ओळ उगवते, असं चार वेळा झालं तर तो बायर घ्यायला आलेला नाही, तुम्हाला धीर द्यायला उभा केलेला असू शकतो. असू शकतो म्हणतोय, कारण भावाबरोबर ऑर्डर सरकवणारे अल्गो, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारे प्रोग्रॅम, पण असतात. खोट्या ऑर्डरी लावून भाव हलवणं सेबीच्या नियमांत बसत नाही, पण ते सिद्ध करणं तुमचं-माझं काम नाही. उलटंही होतं. मोठा माणूस आपली ऑर्डर लपवतो, एनएसईवर कॅशमध्ये (म्हणजे साध्या शेअर खरेदी-विक्रीत) एकूण ऑर्डरच्या 10 टक्के दाखवली तरी चालते. म्हणजे दिसतं ते नसतं आणि असतं ते दिसत नाही. आमच्याकडे आंब्याचे भाव रुमालाखाली बोटं धरून ठरायचे, बाहेर उभं राहून रुमालाकडे कितीही बघा, काय कळणार?

100-100 शेअरचे सौदे लागोपाठ दिसले की मार्केट मेकर एकमेकांना सिग्नल देत असतात, हे खरं का? (चिपळूण)

नाही. ती अमेरिकेतल्या पेनी स्टॉकवाल्यांची (अगदी स्वस्त शेअरवाल्यांची) दंतकथा आहे. आपल्याकडे मेन बोर्डवर (मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या बाजारात) लॉट, म्हणजे एकदम घ्यायचा किमान आकडा, एक शेअरचा, मोठी ऑर्डर तुकडे करून टाकणारं सॉफ्टवेअर कुठलाही आकडा सोडतं.

माझा स्टॉपलॉस नेमका उडवतात आणि मग शेअर वर जातो. ब्रोकर त्यांना सांगतो का? (गुहागर)

स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर आला की आपोआप विकायची ऑर्डर, ट्रिगर होईपर्यंत (तो भाव लागेपर्यंत) मार्केट डेप्थमध्ये, म्हणजे त्या पाच ओळींत, दिसत नाही. तुमचा एकट्याचा स्टॉपलॉस उडवायला कोणी बसलेलं नाही हो, पण तुम्ही लावलात 200 ला, शेजाऱ्याने 200 ला, व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांनी 200 ला किंवा कालच्या सगळ्यात खालच्या भावाच्या पाच पैसे खाली. तिथे विकणारे गठ्ठ्याने आहेत हे कळायला कोणी सांगावं लागत नाही. उसळणाऱ्या शेअरमध्ये स्टॉपलॉस लांब ठेवायचा आणि क्वांटिटी कमी करायची, लोक नेमकं उलटं करतात. आणखी एक, ट्रिगर 200, लिमिट (ह्याच्या खाली विकू नका तो भाव) 199 असं लावलं आणि सकाळी शेअर 191 ला उघडला तर तुमची ऑर्डर 199 ला लटकत राहते, विकली जात नाही. हे ब्रोकरकडे जाऊन समजून घ्या, फोनवर नको.

आंब्याचे पैसे आले त्यातून एका एसएमई (लहान-मध्यम कंपनीच्या) शेअरचे दोन लॉट 210 ला घेतले, टेलिग्राम ग्रुपवर सांगितलं होतं. आता रोज लोअर सर्किट, खरेदीला कोणीच नाही. एसएमईत मार्केट मेकर असतो ना, मग तो घेत का नाही? दीड महिना झाला. (राजापूर)

दीड महिना! हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा.

सगळ्या प्रश्नांत हाच खरा मार्केट मेकरचा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहितो. मेन बोर्डवरच्या शेअरला जो मार्केट मेकर तुम्ही शोधताय तो बहुतेक वेळा नसतोच, तिथे ऑर्डरला ऑर्डर भिडते. एसएमईत मात्र नेमलेला मार्केट मेकर असतो, लिस्टिंगपासून किमान 3 वर्षं, आणि त्याने दिवसातला 75 टक्के वेळ खरेदी आणि विक्री दोन्ही बाजूंना भाव द्यायचा असतो. इथपर्यंत ग्रुपवाले सांगतात, बिनधास्त घ्या, घेणारा बांधलेलाच आहे म्हणतात. पुढचं सांगत नाहीत. इश्यू, म्हणजे कंपनीने सुरुवातीला विकायला काढलेले शेअर, 20 कोटींपर्यंतचा असेल तर मार्केट मेकरकडे इश्यूच्या 25 टक्के माल जमला की त्याला खरेदीचा भाव न देण्याची मुभा आहे, इश्यू मोठा असेल तर ही टक्केवारी अजून कमी. म्हणजे सगळे विकायला धावतात, त्याची गोणी भरते, आणि नेमकी गरज असते तेव्हाच तो नियमाने बाजूला उभा राहू शकतो. तुमच्या शेअरमध्ये हेच झालंय असं मी म्हणत नाही, पण होऊ शकतं एवढं घेण्याआधी माहीत हवं होतं. प्रॉस्पेक्टसमध्ये (इश्यूच्या माहितीपत्रकात) मार्केट मेकिंगचा वेगळा भाग असतो, नावासकट. किती जणांनी उघडला?

लोअर सर्किट म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जेवढा पडू शकतो ती मर्यादा. 5 टक्क्यांच्या सर्किटचा हिशोब करा, 210 चे चार दिवसांत 171, आणि मधे कुठेही बाहेर पडायची फट नाही. माझ्याकडे एकजण मोबाईल घेऊन आला होता, विक्रीला तीन लाखावर शेअर आणि खरेदीच्या पाचही ओळी शून्य. तो मला विचारत होता सपोर्ट (भाव टिकेल ती पातळी) कुठे आहे. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात बोली लावणारा नसेल तर मासा बर्फात तरी जातो, इथे बर्फ पण नाही. लोअर सर्किटला सगळ्यांचा भाव एकच, त्यामुळे रांग वेळेची असते, मार्केट उघडताक्षणी ज्याची ऑर्डर लागली त्याचा नंबर आधी. विकायचंच ठरलं असेल तर दहा वाजता चहा पिऊन ऑर्डर टाकू नका. विकायचं की थांबायचं ते मात्र कंपनीचे निकाल घेऊन सेबी-नोंदणीकृत सल्लागाराला विचारा, नोंदणी नंबर आयएनए किंवा आयएनएच ने सुरू होतो, सेबीच्या साईटवर स्वतः तपासा, त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. ग्रुपवाल्याचा नंबर आहे का बघा, आणि मेसेज डिलीट करू नका, तक्रारीला लागतील.

व्हॉल्यूम दहापट झालं म्हणजे मोठे लोक घेतायत ना? (देवगड)

घेतायत तितकेच विकतायत पण. संध्याकाळी डिलिव्हरीची टक्केवारी, म्हणजे त्याच दिवशी परत न फिरवता खरंच घेतलेल्या शेअरचा हिस्सा, बघा, व्हॉल्यूम दहापट आणि डिलिव्हरी 12-15 टक्के असेल तर बहुतेक दिवसभराची फिरवाफिरव आहे. मोठ्याने खरंच उचलले असतील, कंपनीच्या अर्ध्या टक्क्याच्या वर, तर नाव बल्क डीलच्या (मोठ्या सौद्यांच्या) यादीत त्याच दिवशी येतं.

एफ अँड ओ मध्ये हेच वाचून ट्रेड करता येईल का? (वेंगुर्ले)

सेबीच्या पाहणीत एफ अँड ओ मध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. पुढे काय लिहू?

माझ्या आणि बायकोच्या अकाउंटमधून एकमेकांना विकलं तर व्हॉल्यूम दिसून बायर येतील का? (दापोली)

वकिलाला भेटा. करून झालं असेल तर आजच.