मल्टिपर्पज लाकूडकाम मशीनचा तुटलेला कपलर ठाण्यात बनवून मिळेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मामांनी अमेरिकेहून आणलेली जुनी शॉपस्मिथ मल्टिपर्पज मशीन तुमच्याकडे आली. तिला बँडसॉ (पट्टीची करवत) जोडणाऱ्या कपलरमधला मऊ तुकडा पिचला. वागळे इस्टेटमधला एक लेथवाला म्हणतो, 'रबर कशाला, अख्खा ॲल्युमिनियमचा टर्न करून देतो, परत बघायला नको.' द्यावा का?

देऊ नका. हाच शहाणपणा मी स्वतः करून बसलोय. शेजारच्या सुतारमामांची देशी बनावटीची कम्बाइन मशीन होती. तिचा कपलर दर दोन महिन्यांनी फाटायचा, म्हणून मी ॲल्युमिनियमचा गोळा टर्न करून दिला. तीन आठवडे मामा खूश होते. मग एक दिवस ओलं आंब्याचं लाकूड पात्यात अडकलं. कपलरला ओरखडासुद्धा आला नाही, पण बँडसॉचा शाफ्ट वाकला आणि एक बेअरिंग गेलं. मामा काही बोलले नाहीत, चहा मात्र त्या दिवशी मलाच पाजावा लागला. तो मऊ तुकडा मधे ठेवलेला असतो तो हिसका खाण्यासाठी आणि दोन शाफ्टमधला बारीकसा तिरकेपणा सोसण्यासाठी. तो कडक केलात की तोच हिसका पुढे बेअरिंगला बसतो.

आधी फुटका तुकडा टाकून देऊ नका, उजेडात धरून बघा. सगळीकडून सारख्या बारीक भेगा असतील, नखाने दाबल्यावर जुन्या चपलेच्या तळासारखा कडक लागत असेल, तर तो वयाने गेला. एकाच बाजूला झिजून काळी पूड पडली असेल, तर शाफ्ट एका रेषेत नाहीत. मग नवाही तसाच जाणार.

आता माप. बहुतेक घोळ इथेच होतो. शॉपस्मिथचा मुख्य स्पिंडल पाच सुतांचा, म्हणजे 5/8 इंच किंवा 15.875 मिमी. आपला लेथवाला वर्नियर लावतो, 'सोळा आहे' म्हणतो आणि 16 चा रीमर घालतो. झाला 0.125 मिमीचा, म्हणजे पाच थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्ले. हातात काही जाणवत नाही, पण भार आला की हब (कपलरचा शाफ्टवर बसणारा धातूचा भाग) शाफ्टवर हलायला लागतो आणि ग्रब स्क्रू (हबला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्ट कुरतडतो. जोडणीचा शाफ्ट त्याच मापाचा असेल असं धरूनही चालू नका. माप मायक्रोमीटरने घ्या, तेही शाफ्टचं; फुटक्या कपलरचं माप काही कामाचं नाही. ग्रब स्क्रूही इंची आट्यांचा असणार. त्यात जबरदस्तीने एम6 घुसवू नका.

जोर किती येतो तेही बघा. शॉपस्मिथच्या मार्क 5 मॉडेलची मोटर बहुतेक 1⅛ एचपी, म्हणजे साधारण 840 वॉट, आणि सगळ्यात कमी वेग 700 आरपीएम. त्या वेगाला पूर्ण ताकद लागली तर टॉर्क होतो साडेअकरा न्यूटन-मीटरच्या आसपास. पाच सुती शाफ्टच्या पृष्ठभागावर हा जवळजवळ दीडशे किलोचा रेटा झाला. एकटा ग्रब स्क्रू गोल शाफ्टवर एवढं धरत नाही. त्याच्या खाली शाफ्टवर फ्लॅट (घासून सपाट केलेली जागा) हवाच.

तुमचे दोन्ही हब शाबूत असतील तर फक्त मधला तुकडा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) करून घ्या. रॉड मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळतो. 90 शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) मागा. त्याहून मऊ घेतला तर पिळवटतो, फार कडक घेतला तर पुन्हा माझ्या ॲल्युमिनियमचीच गोष्ट. पीयू लेथवर कापणं म्हणजे वैताग असतो. टूलखाली तो दबतो, गरम झाला की चिकट होतो, आणि भोक पाडलं की मागे येऊन ड्रिलपेक्षा लहान भरतं. म्हणून एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) टूलला लाकडाच्या टूलसारखी वस्तऱ्याची धार लावून घ्यायची आणि रॉड रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. आमच्याकडे तो कोलंबीच्या पिशवीशेजारी निघाला, त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

हबही गेले असतील तर नवं काही घडवत बसू नका. बाजारात एल-टाइप जॉ कपलिंग तयार मिळतं, मधे रबरी स्टार असलेलं. एल-075 हा साइझ नायट्राइल रबराच्या स्टारवर साधारण 10 न्यूटन-मीटर पेलतो, म्हणजे तुम्हाला तोकडा. एल-090 सोळाच्या थोडा वर जातो; तो घ्या, आणि स्टार पीयूचा घातलात तर हिसक्यांना आणखी जागा राहते. फक्त बाहेरचा व्यास जवळपास 54 मिमी आहे, तेवढी जागा आहे का आणि दोन शाफ्टच्या टोकांमधलं अंतर किती, हे आधी मोजा. बोअर तुमच्या मापाचा करून घ्या. एक लक्षात ठेवा, यात स्टार फाटला तरी हबचे दात एकमेकांना ढकलत राहतात. मशीन थांबत नाही, खडखडते. तो आवाज आला की आपणच थांबायचं.

थ्रीडी प्रिंट करून देणारेही हल्ली आहेत. टीपीयूमध्ये (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) छापलेला मधला तुकडा तात्पुरता चालतो. पीएलए (नेहमीचं कडक प्रिंटिंग प्लास्टिक) नको, तो गरम होऊन मऊ पडतो.

बसवताना प्लग काढून ठेवा. दोन्ही हबवर स्टीलची पट्टी आडवी टेकवा आणि खालून उजेड दिसतो का बघा. पाव फेरा फिरवा, पुन्हा बघा, असं चारदा. फट 0.3 मिमीच्या आत आली की बस. मग पातं हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर ग्रब स्क्रू सैल करून परत पट्टी लावा.

आणि लेथवाल्याकडे जाताना व्हॉट्सॲपवरचा फोटो नका दाखवू. हब घेऊन जा, जमलं तर शाफ्टसकट.